गाळ बसू द्यावा

३ मार्च

आलो एकदाचे. तलावातल्या टेकाडावरचं हे दोन खोल्यांचं घर आता माझं. पुढच्या खोलीत प्रयोगशाळा, मागच्या खोलीत संसार. कामावर जायला फक्त उंबरठा ओलांडायचा. संसार कसला, मी आणि अण्णा. वडिलांना सोबत आणलंत का, असं साहेबांनी फोनवर विचारलं तेव्हा मी सांगितलं, त्यांनीच मला आणलंय. अण्णांनी आल्या आल्या खिडकीजवळची खाट बळकावली. तलावभर पसरलेली जलपर्णी बघून म्हणाले, इथं होड्या सोडतात की गुरं? दुकान, दवाखाना, सगळं पलीकडच्या काठाला आहे, आणि जलपर्णीतून होडी काढताना नावाड्याच्या नाकी नऊ येतात. म्हणून तर मला इथं नेमलंय.

६ मार्च

जलपर्णीवर तणनाशक मारायचं आहे. औषध पानावरून ओघळू नये म्हणून त्यात साबणासारखं स्टिकर मिसळतात, आणि पाण्यातल्या जिवांना औषधापेक्षा हे स्टिकरच जास्त भोवतं. मी काचेच्या पेट्या मांडल्या. काहींत नुसतं पाणी, काहींत तळाला तलावातला गाळ. सगळ्यांत औषध घातलं. नुसत्या पाण्यातल्या पाणपिसवा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे ते टुणटुण उडणारे जीव, संध्याकाळपर्यंत मेल्या. गाळाच्या पेटीतल्या मात्र मजेत होत्या. गाळ विष ओढून घेतो, पाणी मोकळं होतं.

इथली शिस्त ठरलेली आहे. पेटी ढवळायची, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी हलक्या हातानं काढायचं आणि तेच तपासायचं. तपासलं. तलावात गाळच गाळ आहे, तेव्हा काळजी नाही, असं साहेबांना कळवून टाकलं. आल्या आल्या एवढं काम उरकलं म्हणून स्वतःवर जाम खूश आहे.

१४ मार्च

फवारणी झाली. जलपर्णी पिवळी पडून बुडतेय. फवारणीवाला म्हणाला, पुढच्या खेपेला दुप्पट मारू, म्हणजे मुळासकट जाईल.

अण्णांचे तळपाय कायम जळतात. लोकांची तळपायाची आग मस्तकात जाते, यांची तळपायातच राहते, म्हणून स्वभाव इतका थंड, असं मी त्यांना चिडवते. हल्ली ते संध्याकाळी काठावरच्या गाळात पाय रुतवून बसतात. आधी मला विचारलं होतं, चालेल ना? मी म्हटलं, अण्णा, पाणी मी स्वतः तपासलंय.

२२ मार्च

गाळाबरोबर पेट्यांत आलेल्या गोगलगाई गाळ सोडून काचेवर चढल्या आहेत. पार पाण्याबाहेर. सुकून मेल्या, पण एकही खाली उतरली नाही. सकाळी आमच्या पायरीवरही तलावातल्या दिसल्या, सगळ्यांची पाठ तलावाकडे.

आणखी एक. ढवळलेला गाळ बसायला पूर्वी दुपार व्हायची. आज मी काठी बाहेर काढेपर्यंत बसला. साहेब म्हणाले, पाणी नितळ आहे ना, मग गोगलगाईंची मनधरणी कशाला करताय?

अण्णा म्हणतात पाय अजिबात जळत नाहीत. शांत झोपतात. ते बघून बरं वाटलं.

२७ मार्च

अण्णांचे पाय धुवायला घेतले. गाळ निघेना. घासलं, तर कातडीच सुटून हातात आली, पाण्यात राहिलेल्या साबणाच्या वडीसारखी मऊ. रक्त नाही. अण्णा हसत होते, गुदगुल्यासुद्धा होत नाहीत म्हणाले.

मग मी पहिल्यांदाच गाळ तपासला. ताज्या पाण्यात चिमूटभर टाकला, वर पाणपिसवा सोडल्या. सगळ्या सरळ खाली गेल्या. कुणी ढकललं नाही. गाळात शिरल्या आणि पाणी रिकामं झालं.

मी पाणी तपासलं होतं. अण्णा गाळात बसत होते.

२९ मार्च

दार लावून घेतलंय. अण्णा रडतात — पाय जळतायत, सोड म्हणतात. आज मला शिवी दिली. जन्मात कधी दिली नव्हती.

होडी मागवली. नावाडी म्हणतो, पाणी उतरलंय, होडी टेकाडाला लागणार नाही. थोडं गाळातून चालत या, म्हणतो.

पायरी गोगलगाईंनी भरलीय. भिंतही.

३० मार्च

दुपारी डोळा लागला. दार उघडं. अण्णा काठाच्या गाळात, कमरेपर्यंत — चालत नव्हते. पाय हलत नव्हते. तरी पुढे जात होते —

मी गाळात उतरले. काखेत हात घालून ओढलं. हलके लागले. फार हलके. गुडघ्यांखाली —

आणलंय घरात. श्वास चालू होता. मघापर्यंत.

माझ्यामुळे. मी सांगितलं होतं चालेल म्हणून. माझे अण्णा —

३० संध्याकाळ

माझ्या पायांचा गाळ निघत नाही. घासायची हिंमत नाही.

मघाशी मी रडत होते. आता रडू येत नाही. कुठेच काही दुखत नाही. अण्णा समोर खाटेवर आहेत आणि मला काहीच —

साहेबांना सांगायला हवं. दुसरी फवारणी नको. पाणी नाही, गाळ बघा — फोन पुढच्या खोलीत आहे. उठते.

पुढच्या खोलीत. दारातून तलाव दिसतो. किती नितळ.

फोन करते. आधी थोडा वेळ नुसती काठावर बसून पाय