क्लॅरेटला चार दिवसांची हवा

कारंजा, ११ जानेवारी १९३४. सकाळी.
विलायतेला तार तासाभरात पोचते, पण विलायती बाटलीचे बूच अजून अखंड निघत नाही. अर्धे माझ्या हातात, अर्धे आत, तांबड्या फ्रेंच वाइनमध्ये, म्हणजे क्लॅरेटमध्ये. धिक्कार असो.
पंधरा तारखेला दुपारी डेप्युटी कमिशनर साहेब जेवायला. ऑनररी मॅजिस्ट्रेटची जागा रिकामी आहे, शिफारस त्यांच्या हाती. गावच्या वकिलांत माझ्याखेरीज वाइन जाणतो कोण? मुंबईच्या दुकानाचे पत्रक म्हणते, गाळ मागे ठेवून दुसऱ्या भांड्यात ओता, तासभर हवा द्या, चव खुलते. तासात खुलते, तर चार दिवसांत काय होईल!

दुपारी.
भांडे मागितले तर आमच्या सौभाग्यवती गोजराबाई म्हणतात, "माह्ये भांडे दारूनं बाटवू नका, बाप्पा." शेवटी दिला तो बिनकल्हईचा पितळी गंज. तोंड रुंद. छान.
बिनकल्हईचा का, तर तो कल्हईवाला रहमतुल्ला. दिवाळीत काम मळकट वाटले, चार आणे अडवले. गडी हा एक गंज तसाच टाकून गेला. आज दारावरून म्हणतो, "वकीलसाहेब, मागचं देऊन टाका, आत्ता चमकवतो." हाकलला. गोजराबाई म्हणतात, "त्याच्यात ताक कळकून हिरवं पडते, तुमची दारू काय सोन्याची हाय?"
ताक आणि क्लॅरेट! कोणाच्या पदरात पडलो.

१३ जानेवारी.
चिलटे पडली. अकरा. धोतराच्या सोग्यातून गाळून घेतली. गोजराबाई नाकाला पदर लावून म्हणतात, "आंबून राह्यली." अडाणीपणा. यालाच पक्व सुवास म्हणतात. कडेला हिरवी झाक आली आहे. उंची मालाची खूण.

१४ जानेवारी.
सुताराला मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीचे माप दिले. आरशासमोर एकाला सहा महिने सक्तमजुरी दिली. आवाज बरा लागतो.

१५ जानेवारी. चार वाजता.
साहेबांनी एक घोट घेतला आणि रुमालात परत केला. विचारले, हे कोणत्या रोगावर आहे? चार दिवस हवा दिली आहे, असे मी सांगितले. म्हणाले, अजून द्या.
मग ताक मागवले. तीन पेले प्याले. जाताना गोजराबाईंच्या हाताची तारीफ केली. जागेचा विषय निघाला नाही. माणसांची शिसारी आली आहे.

१६ जानेवारी.
क्लॅरेट नालीत ओतली. सुताराला नको म्हणून सांगितले. रहमतुल्लाची हाक आली. गुपचूप मागच्या दाराने बोलावला. गंजात बोट फिरवून, ते हिरवे बोट उन्हात धरून त्याने विचारले, "याच्यात ठेवलं काय होतं, वकीलसाहेब?"
ताक, म्हणालो, आणि चार आणे त्याच्या हातावर ठेवले.