परवाना क्रमांक ११७ ची पेटी एका रविवारपुरती जागेवर ठेवण्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
शहर उद्यान विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : विभागाच्या भांडारात जमा असलेली जिओकॅशिंगची पेटी नष्ट करण्यापूर्वी एका रविवारी सकाळी मूळ जागी ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) परवाना क्र. ११७. २) आपली नोटीस, पेटी पंधरा दिवसांत नष्ट करण्याविषयीची. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवरील आपली तीन उत्तरे.

महोदय,

१. अर्जदार वय वर्षे एकाहत्तर, छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणे हा त्याचा एकतीस वर्षांचा व्यवसाय होता. हे आरंभीच सांगण्याचे कारण पुढे येईल. परवाना अर्जदाराच्या पत्नीच्या नावे आहे. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती व मागील वर्षी वारली. मृत्यूचा दाखला पहिल्या अर्जासोबत जोडला होता, दुसऱ्यासोबत जोडला होता, तिसऱ्यासोबतही जोडला होता. आता घरात मूळ प्रत तेवढी उरली आहे, ती कृपया मागू नये.

२. जिओकॅशिंग म्हणजे काय, हे आपल्या कार्यालयात चार टेबलांवर चार वेळा विचारले गेले, म्हणून लिहून देत आहे. एक खेळाडू सार्वजनिक जागी लहानशी पेटी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. बाकीचे खेळाडू हातातल्या जीपीएस यंत्रावर ते आकडे घालून पेटी हुडकतात. आत वही असते. ज्याला पेटी सापडली त्याने वहीत नाव लिहायचे आणि पेटी होती तशी, कोणाच्या नजरेस न पडता परत ठेवायची. खणायचे नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्यायची, असे त्यांचे कडक नियम आहेत. पत्नी हे नियम काटेकोर पाळत असे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पेटी कोरडी आहे ना हे बघून येई. "एकदा चला की," असे ती दर वेळी म्हणे. अर्जदार वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणे, "मला शोधायचं असेल तर मी घरातच आहे." हा विनोद त्याने सहा वर्षे चालवला. आता तो त्याचा त्यालाच ऐकवत नाही.

३. आपल्या नोटिशीत असे म्हटले आहे की, तलावातला गाळ काढण्यापूर्वी विभागाने सर्व परवान्यांची तपासणी केली आणि परवाना ११७ च्या जागी आपले दोन कर्मचारी होडीने गेले. त्यांच्या अहवालातील वाक्य जसेच्या तसे देतो : "सदर ठिकाणी पाणी आढळले. पेटी आढळली नाही." पुढे त्याच महिन्यात टेकडीच्या पायऱ्यांलगतची भिंत दुरुस्त करताना माळ्यांना एका पोकळीत पेटी मिळाली. त्या जागेची परवानगी कोणाच्याच नावे नसल्याने ती बेवारस ठरवून भांडारात जमा झाली.

४. यात विभागाची काहीही चूक नाही. चूक अर्जदाराची आहे, आणि ती आज प्रथमच लेखी कबूल करीत आहे.

परवान्याचा अर्ज पत्नीने नव्हे, अर्जदाराने भरला होता. अक्षर चांगले म्हणून ते काम त्याच्याकडे आले. खेळाडूंची यंत्रे मिनिटे दशांशात दाखवतात. पत्नीने चिठ्ठीवर ३१.४२० असे लिहून दिले होते. आपल्या छापील अर्जात अंश, मिनिटे, सेकंद अशा तीन चौकटी आहेत. अर्जदाराने ३१ मिनिटांच्या चौकटीत घातले, ४२ सेकंदांच्या, आणि एक शून्य उरले ते सोडून दिले. वास्तविक ०.४२० मिनिट म्हणजे पंचवीस सेकंद होतात. पत्नीला विचारायला ती शेजारच्याच खोलीत होती. अर्जदाराने विचारले नाही. त्या सतरा सेकंदांनी पेटी टेकडीवरून उठून अर्धा किलोमीटर लांब, तलावाच्या मधोमध गेली. आपण परवाना दिला तो तलावाचा. सहा वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण कागद फायलीत होता आणि पेटी भिंतीत, आणि दोघांची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते.

५. अर्जदाराच्या पहिल्या अर्जावर आपण कळवले की, परवान्यातील जागेच्या दुरुस्तीसाठी परवानाधारकाने समक्ष हजर राहावे. दाखला पुन्हा दाखवल्यावर दुसऱ्या उत्तरात कळवले की, परवानाधारक मयत असल्याने परवाना संपला, सबब अशी पेटी दप्तरी अस्तित्वात नाही, आणि नसलेली वस्तू परत देता येत नाही. तिसऱ्या उत्तरात विभागाने सहानुभूती दाखवली. वारसाने पेटी मूळ परवानगीच्या जागी ठेवल्यास हरकत नाही, असे त्यात लिहिले आहे. ती जागा पाण्यात आहे, हे आपलाच अहवाल सांगतो. अर्जदाराला पोहता येत नाही, आणि येत असते तरी पाण्यावर पेटी ठेवायची कशी, याचा खुलासा उत्तरात नाही.

६. आता जे सांगायचे आहे त्याला नियमात जागा नाही. तरी आपण वाचावे ही विनंती.

पत्नी गेल्यानंतर अर्जदाराने तिचे यंत्र हाती घेतले. त्यात तिच्या पेटीचे आकडे आधीच होते. अर्जदाराने ते परवान्याच्या प्रतीशी ताडून पाहिले, जुळले नाहीत, म्हणून त्याने यंत्रातले आकडे दुरुस्त केले. सही-शिक्क्याची ती मूळ प्रत, तिच्याशी न जुळेल ती चूक, ही जन्माची खोड. अशा रीतीने तिचा बरोबर आकडा अर्जदाराने स्वतःच्या हाताने पुसला.

त्यानंतर अकरा महिने तो दर रविवारी तलावाच्या काठी जात होता. यंत्राचा बाण पाण्याकडे दाखवी. काठावरच्या बाकांखाली, दगडांमागे, पंपाच्या खोलीभोवती त्याने शोधले. एकदा पहारेकऱ्याने हटकले, तेव्हा चष्मा पडल्याचे खोटे सांगितले. मग पहारेकरीही सोबत चष्मा शोधू लागला, आणि चष्मा अर्जदाराच्या नाकावर होता. दिवसेंदिवस त्याला वाटू लागले की, आपण कधी आलो नाही म्हणून तिने आपली फिरकी घेतली आहे. त्याचा रागही आला. गेलेल्या माणसाचा राग आला की घरी येऊन तो कोणाला सांगायचा, हा प्रश्न असतो.

७. अशाच एका रविवारी एक बाई भेटली. ती बस चालवते, आणि खेळाडूंत तिला टॉर्चवाली म्हणतात. अर्जदाराच्या हातातले यंत्र आणि समोरचे पाणी पाहून ती हसली. आपण कोण हे अर्जदाराने सांगितल्यावर तिचे हसू थांबले. तिने त्याला टेकडीच्या पायऱ्यांपर्यंत नेले. गुडघ्यांमुळे अर्जदार तीनदा बसला. वर पोचल्यावर भिंतीत ताजे सिमेंट होते. विभागाने पेटी दोनच दिवसांपूर्वी नेली होती.

टॉर्चवालीने तिथे पायरीवर बसून एक गोष्ट सांगितली. या खेळात नवी पेटी सर्वांत आधी शोधणाऱ्याला मोठा मान असतो. वहीतली पहिली ओळ त्याची. पेटी जाहीर झाली त्या सकाळी ती ड्यूटीच्या आधी धावत टेकडी चढली आणि पहिली पोचली. पेटीची मालकीण तिथेच झाडाखाली बसली होती. वहीत पहिल्या ओळीपुढे १ असा आकडा घातलेला होता आणि पुढे काही नव्हते. मालकीण तिला म्हणाली, "पहिली ओळ सोडून लिही, बाई. आमचे हे यायचेत अजून."

टॉर्चवाली म्हणाली, "काका, मी तेव्हा जरा चिडलेच होते."

तिने दुसऱ्या ओळीवर नाव लिहिले. त्यानंतर सहा वर्षांत दोनशे अकरा जण येऊन गेले. प्रत्येकाने मोकळी ओळ पाहिली, संकेतस्थळावर तिची चौकशी केली, आणि प्रत्येकाने ती मोकळीच ठेवली. पत्नीने घरी याविषयी एक अक्षर काढले नाही. ती फक्त चला म्हणत राहिली.

८. यानंतर अर्जदार आपल्या भांडारात गेला. भांडारपाल सज्जन गृहस्थ आहेत, त्यांच्यावर या अर्जामुळे कारवाई होऊ नये. त्यांनी जमा वस्तूंची यादी वाचून दाखवली : घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा एक, वही एक, लाल पेन्सिल एक. डबा आणि पेन्सिल दोन्ही अर्जदाराच्या टेबलावरून नाहीशी झालेली होती, आणि त्यावरून घरात बोलाचालीही झाली होती. भांडारपाल हळू आवाजात म्हणाले, "काका, घेऊन जा. मी काही बघितलं नाही." डबा त्यांच्या मागच्या फळीवर होता. अर्जदाराने तोंड भिंतीकडे फिरवले आणि नको म्हणून सांगितले.

त्यांना हा वेडेपणा वाटला. आपल्यालाही वाटेल. परंतु वहीत नाव लिहायचे ते शोधणाऱ्याने. ती ओळ टेबलापलीकडून डबा घेणाऱ्यासाठी सोडलेली नाही. टेकडी चढून येणाऱ्यासाठी सोडली आहे. तिथे लबाडी केली तर वहीतले दोनशे बारा लोक खरे आणि अर्जदार एकटा खोटा ठरेल, आणि तेही पहिल्या क्रमांकावर.

९. सबब विनंती की :

(अ) पेटी नष्ट करण्यापूर्वी कोणत्याही एका रविवारी सकाळी ती टेकडीवर ठेवण्यात यावी. मूळ पोकळी बुजली असल्याने भिंतीच्या आसपास माळी योग्य समजेल तिथे ठेवावी. नीट लपवावी, वयाचा मुलाहिजा ठेवू नये. जागा अर्जदारास सांगू नये.

(आ) उद्यान बंद होईपर्यंत अर्जदारास शोधू द्यावे. देखरेखीला माणूस हवा असल्यास असावा, फक्त त्याने पेटीकडे बघू नये.

(इ) त्या दिवशी न सापडल्यास पुढचा रविवार मिळावा.

(ई) परवाना ११७ मध्ये सेकंद ४२ च्या जागी २५ अशी दुरुस्ती करावी. परवाना संपला असला तरी करावी. ती चूक परवानाधारकाची नव्हती, आणि तिच्या नावावर ती राहू नये.

नाव लिहून झाल्यावर अर्जदार पेटी स्वतः भांडारात आणून देईल. पुढे विभागाने तिचे काय करायचे ते करावे, अर्जदाराची तक्रार राहणार नाही. एवढ्या वर्षांत केव्हाही येता आले असते. अर्जदारास यायला उशीर झाला, हे तो लेखी मान्य करीत आहे.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,

(सही)
परवानाधारक महिलेचा पती
दिनांक : ४ मार्च

सोबत :
१. परवाना क्र. ११७ ची प्रत, चूक लाल शाईने दाखवून.
२. होडीतून केलेल्या तपासणीचा अहवाल.
३. पहिली ओळ मोकळी असल्याबद्दल खेळाडूंचे निवेदन, एकशे चाळीस सह्यांसह. उरलेले गावात नाहीत.