अकरावे प्रकरण

॥ श्री ॥
बरकतपुरा, हैदराबाद
ता. १२ जून १९४८

तीर्थरूप अक्कांच्या सेवेशी धाकट्या अंबाजीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघे, मी आणि नात प्रमिला, देवाच्या दयेने ठीक आहोत. आपले डोळे कसे आहेत?

हे पत्र टपालाने पाठवीत नाही. शेजारच्या भामाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी सोलापूरला निघाल्या आहेत. त्यांनी बाळासाठी शिवलेल्या दुपट्याचा एक कोपरा उसवला आहे, त्यात हे घालून वरून पुन्हा टाके घालणार आहेत. मी सारी उमर करोडगिरीच्या नाक्यावर लोकांचा माल तपासण्यात घालवली. डबे उघडले, ट्रंका उघडल्या, पण बाळाचे दुपटे कधी उसवले नाही. म्हणून ही युक्ती सुचली.

बातमी अशी की, ज्याच्याशी आपल्या प्रमिलेचा साखरपुडा झाला तो माधव कॉलेज सोडून निघून गेला. तुमच्या बाजूला सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या मुलांची शिबिरे आहेत, तिथे गेला म्हणतात. जाताना मी त्याला तुमचा सोलापूरचा पत्ता तोंडपाठ करायला लावला. तेव्हापासून खबर नाही. त्याचे वडील केशवराव निजाम सरकारच्या नोकरीत आहेत. मुलाचे नाव कागदावर दिसले तर नोकरी जाईल, आणि पुढे काय होईल ते माझ्याने लिहवत नाही. इकडे टपाल फोडतात असे सगळे म्हणतात. मला ते खरे वाटते, कारण नाक्यावर पाकिटे-पार्सले फोडणाऱ्यांतलाच मी एक होतो.

तर अक्का, आपण एकमेकांना कादंबऱ्यांविषयी लिहितोच. नदीकाठची ती दोन भागांची प्रेमकथा, जिचा पहिला भाग आपण दोघांनी वाचला, ती आता कामाला येईल. यापुढे माझ्या पत्रात दिनकर म्हणजे माधव आणि मालती म्हणजे प्रमिला. आपणही तसेच लिहावे. कोणाला शंका येणार नाही.

सिकंदराबादचे हिम्मतराव वकील त्यांच्या रेल्वेतल्या मुलासाठी प्रमिलेला मागत आहेत. मोडलेले लग्न समजून विचारतात. माधव सुखरूप आहे एवढे कळले तरी मी त्यांना ठाम नाही म्हणेन. सगळे आपल्या उत्तरावर आहे.

लोभ आहेच, तो वाढता असावा.
आपला अंबाजी


॥ श्री ॥
बरकतपुरा, हैदराबाद
ता. १० जुलै १९४८

ती. अक्कांस अंबाजीचा शि. सा. न. वि. वि.

दुपटे पोचले असेलच. बाळाला ऊब आली असेल. अधिक काय लिहू.

हल्ली वाचनच चालू आहे. दिनकराचा विचार मनातून जात नाही. पहिल्या भागाच्या शेवटी घर सोडून गेला तो कुठे गेला? जेवतो का, त्याला अंथरूण आहे का? दुसरा भाग इकडे मिळत नाही. तुमच्याकडे काही कळले तर लगेच कळवावे. मालती वरून हसते, पण पहिल्यासारखी जेवत नाही. तिला सिकंदराबादचा रेल्वेतला मुलगा सांगून आला आहे. तिने किती दिवस वाट पाहावी असे आपले मत आहे?

ही सगळी कादंबरीतलीच माणसे आहेत. वाचता वाचता सहज सुचले म्हणून लिहिले.

कृपा असावी.
अंबाजी


॥ श्री ॥
सोलापूर
ता. २५ जुलै १९४८

चि. अंबाजीस तारामतीचे अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. भामाच्या लेकीला मुलगा झाला, बाळबाळंतीण खुशाल आहेत. भामाने तसा निरोप पाठवला, पण तिला इकडे यायला फुरसत कुठली. दुपट्याची चौकशी तू का करतोस ते कळले नाही. म्हातारपणी बाळाची हौस आली वाटते.

माझे डोळे आता अक्षर ओळखत नाहीत. पण देवाने एक वाचक धाडला आहे. तुमच्या बाजूचा मुलगा, मुकुंद नाव सांगतो. एकदा दारात पाणी मागायला आला आणि घरचाच झाला. मी पिठले-भाकरी घालते, तो आम्हा बायकांच्या दुपारच्या मंडळात कादंबरी वाचतो. तुझी पत्रेही तोच वाचतो, आणि हे पत्र मी सांगते आहे व तो लिहितो आहे. पत्र आले की माझ्या आधी त्यालाच घाई. तुझ्या कार्डातले ते रेल्वेतल्या मुलाचे वाक्य त्याने दोनदा वाचले आणि ताटावरून तसाच उठला. हल्लीची मुले फार हळवी.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. दुसरा भाग मला मिळाला. दिनकर गेला रे. अकराव्या प्रकरणात नावेतच ताप चढतो आणि पैलतीर दिसायच्या आत संपतो. मंडळातल्या सुशीलाबाई तर पदर तोंडाला लावून उठून गेल्या. रेल्वेतला मुलगा मात्र आमच्या पुस्तकात कुठेच नाही. तो तू कुठून आणलास? पण असेलच, तर मालतीने गेलेल्याची वाट पाहत आयुष्य घालवू नये, तिला चांगल्या घरी द्यावे, यावर आमच्या मंडळात एकमत झाले. मुकुंद तेवढा विरुद्ध होता. त्याला विचारतो कोण.

अंबू, पत्रात मालतीवर चार ओळी आणि आपल्या प्रमिलेवर एकही नाही, हे काय? तिच्या लग्नाचे कधी योजले आहे?

आईसारखी माया करणारी,
तारामती


॥ श्री ॥
बरकतपुरा, हैदराबाद
ता. १२ ऑगस्ट १९४८

ती. अक्कांस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. नावेत म्हणजे कोणत्या नदीवर? भीमेवर का? ताप किती दिवस होता, कोणी औषध दिले का, की मुलगा तसाच गेला? अग्नी कोणी दिला? बापाला कळवायचे ते कोणी? ते काल दारावरून गेले, थांबून मला पावसापाण्याचे विचारले आणि हसले. मी उत्तर काय दिले ते मला आठवत नाही.

प्रमिलेचे नाव घालून शेवटी जे विचारलेत ते टपालवाल्यांना फसवायला लिहिले असावे, असे मी धरतो. आपल्या धीराची कमाल आहे. पण बायकांच्या मंडळापुढे ही गोष्ट ठेवायला नको होती. ज्यांना मी पाहिलेही नाही त्यांनी मिळून आमच्या मुलीचा निकाल लावला. त्यांचे चुकले असेही म्हणवत नाही. आणि तो मुकुंद कोण परका, तो विरुद्ध का?

आपले पत्र मी तांदळाच्या डब्यात दडवले आहे. प्रमिलेने विचारले, सोलापूरचे काही आले का. मी नाही म्हणालो. मी वाचत होतो त्या जुन्या कादंबरीत तिने माझी खूण जागेवर घातली आणि पुस्तक मिटून ठेवले. आमचे वाचन बंद पडले आहे. कोणतेही पान उघडले की नायक निघून जातो.

हिम्मतराव शब्द मागतात. आपला निर्णय तोच माझा. महिनाअखेर सिकंदराबादला जाऊन शब्द देऊन येईन. तिला काय सांगू हे मात्र कळत नाही.

दुःखी भावाची आठवण ठेवावी.
अंबाजी


॥ श्री ॥
सोलापूर
ता. ४ सप्टेंबर १९४८

चि. अंबाजीस आशीर्वाद.

हे पत्र सुशीलाबाई लिहीत आहेत, कारण मुकुंद गेला. तुझे पत्र वाचताना “अग्नी कोणी दिला” इथे तो थांबला. मी पुढे वाच म्हणाले तर त्याने पत्र खाली ठेवले, माझ्या पाया पडला आणि आत्ताच्या आत्ता जायला हवे म्हणून निघाला. भाकरी बांधून देईपर्यंत थांबला नाही. जाताना कादंबरीचा दुसरा भाग मात्र काखेत मारून गेला. माझ्या मुलीसारखे जपलेले पुस्तक.

तुला झाले आहे काय? पुस्तकातला मनुष्य मेला म्हणून त्याच्या बापाला कळवायचे? अग्नीचे त्या लेखकाने काही लिहिलेले नाही. आम्ही चर्चा केली. सुशीलाबाईंचे म्हणणे, तुला उन्हाळा बाधला. मला तशी शंका तू लहान असल्यापासूनच आहे.

काल भामा आली आणि माझ्या हातावर कागदाचा लगदा ठेवला. दुपट्यात तुझे पत्र होते म्हणे. लेकीला त्याच दिवशी कळा लागल्या आणि तिच्या डोक्यातून ते गेले. तान्ह्याने ते किती वेळा भिजवले आणि किती वेळा धुतले गेले, देव जाणे. शाईचा निळा डाग तेवढा राहिला आहे. त्यात काय होते? आता तरी सरळ लिही. आणि प्रमिलेच्या होणाऱ्या सासऱ्यांना नमस्कार सांग. त्यांचा माधव मी अजून पाहिलेला नाही.

तारामती


॥ श्री ॥
बरकतपुरा, हैदराबाद
ता. २ ऑक्टोबर १९४८

तीर्थरूप अक्कांच्या सेवेशी अपराधी अंबाजीचा शि. सा. न. वि. वि.

आपले ४ सप्टेंबरचे पत्र काल मिळाले. मधल्या काळात लष्कर आले, राज्य बदलले, टपाल बंद होते. आता चालू झाले. तिकीट जुनेच चालते असे पोस्टातला म्हणाला, पण तो स्वतःच दुसऱ्याला विचारत होता. गल्लीत शांतता आहे. मागच्या घरातले गफूरमियाँ, नाक्यावरचे माझे जुने सोबती, अजून भीतीने बाहेर पडत नाहीत. प्रमिला त्यांच्याकडे भाजी पोचवते. मी त्यांच्या परसदारी जाऊन त्यांच्याजवळ बसतो.

आता सगळे सांगतो, पण क्रमाने सांगता येईल का कोण जाणे. दुपट्यातल्या पत्रात होते ते हेच, की माधव शिबिरात गेला आणि यापुढे पत्रात दिनकर म्हणजे माधव, मालती म्हणजे प्रमिला.

ऑगस्टअखेर मी टोपी घालून सिकंदराबादला शब्द द्यायला निघालो. उंबऱ्यावर प्रमिला आडवी आली. म्हणाली, आजोबा, कुठे निघालात ते मला ठाऊक आहे, पण का ते सांगून जा. मी तांदळाचा डबा उघडला, माधव गेला एवढे म्हणालो आणि आपले जुलैचे पत्र तिच्या हातात दिले. वाटले, पडेल आता. तिने ते वाचलेच नाही. नुसते पाहिले, पाठीमागून पाहिले, पुन्हा पाहिले. मग खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. मला वाटले, पोरीचे डोके फिरले. तेव्हा ती म्हणाली,

“आजोबा, मेलेला माणूस आपल्या मरणाची बातमी स्वतःच लिहितो का? हे अक्षर त्यांचे आहे.”

अक्का, मी उर्दूत चौथी शिकलेला. मराठी वाचता येते, पण मला सगळ्यांची अक्षरे सारखीच दिसतात. तिने पहिल्या ओळीआधी ओळखले. ते पत्र मी महिनाभर तांदळात पुरून ठेवले होते.

हिम्मतरावांकडे गेलो, पण नाही सांगायला गेलो. ते चांगले बोलले. त्यांच्या घरी चहा घेतला.

आपला मुकुंद म्हणजेच आमचा माधव. अग्नीची ओळ वाचून दिनकर म्हणजे आपणच हे त्याला कळले आणि तो निघाला, पण लष्कर येईपर्यंत सरहद्दीवर अडकला; गेल्या आठवड्यात आला. दाढी वाढलेली, काखेत आपले पुस्तक. मी विचारले, आमच्या अक्कांना खरे नाव का नाही सांगितले? मान खाली घालून म्हणाला, लग्नाआधी सासरच्या माणसांकडे रोज जेवायला जायचे कसे, लाज वाटली. आणि तुमच्या घरची पत्रे वाचायला मिळत होती, तेही सोडवेना. बापाला पाहून तो रडला नाही, तुमच्या पिठल्याचे वर्णन करताना मात्र रडला. लग्न मार्गशीर्षात धरले आहे. आपण मंडळासकट यावे. सुशीलाबाईंना सांगा, मला उन्हाळा बाधला नव्हता.

तरी माझा गोंधळ पुरता गेलेला नाही. मुकुंद म्हणजे माधव, माधव म्हणजे दिनकर, हे मीच ठरवले. पण मग नावेत गेला तो कोण, असे बसल्या बसल्या मनात येते आणि मी उठून पडवीत माधव बसला आहे का ते पाहून येतो. ते बापलेक रोज संध्याकाळी येतात.

दुसरा भाग मी वाचायला घेतला आहे. दहावे प्रकरण संपत आले. पुढे एक गोष्ट झाली आहे, त्याबद्दल पुस्तक आपले असल्याने क्षमा असावी. प्रमिलेने अकराव्या प्रकरणाची सारी पाने सुईदोऱ्याने कडेकडेने शिवून टाकली आहेत. टाके भामाबाईंच्या टाक्यांहून पक्के आहेत. माझा हात उसवायला धजत नाही. दिनकर दहाव्या प्रकरणात नावेत बसला आहे, नाव पाण्यात आहे, आणि मी दोन दिवस तेच पान वाचतो आहे.

आपला लोभ या घरावर असाच राहावा ही विनंती.
आपला अंबाजी