कोरी भिंत आणि माझे मासे

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात. प्रदर्शनाचं प्रोजेक्शन माझ्याकडे आलंय. खरा हेड वेगळा आहे, पण तो मोबाइलमध्ये असतो, म्हणजे मीच. भिंतींवर, जमिनीवर, सगळीकडे चित्रं हलणार आणि बघणारा मधोमध उभा. डावीकडे एका पाश्चात्त्य साहेबांचं ॲनिमेशन, उजवीकडे एका वयस्कर चिनी बाईंचं. उद्घाटन पंधराला. हिला पास पाठवला. माझं काम बघितलं की घरी येईलच.

४ मार्च
ही माहेरी गेली त्याला महिना होत आला. भांडण नाही, तंटा नाही. जाताना म्हणाली, या घरात मला एक वाक्य पूर्ण करता येत नाही. मी लगेच कारणं समजावून सांगितली. निम्मी होईतो टॅक्सी निघून गेली.
संकल्प: कमी बोलणे.

७ मार्च
डावी भिंत फर्स्ट क्लास. रंगांची नुसती पळापळ. उजवी काळजीची. सगळं शाईतलं काम. एक म्हातारी नदीकाठी येऊन बसते, धुकं येतं आणि भिंत कोरी. बराच वेळ कोरीच. मग होडी. फॉल्ट आहे. केबल बदलली, लेन्स पुसली, तरी कोरी. मॅनेजर म्हणाला, आलंय तसं लाव, डोकं चालवू नकोस. ज्यांच्याकडे नसतं त्यांना डोक्याची भीती वाटते.
मेहुण्याला फोन केला. ही बाथरूममध्ये आहे म्हणाला.

१० मार्च
मेहुण्याला फोन. अजून बाथरूममध्येच.
भिंत कोरी झाली की माझ्या छातीत धडधडतं. घरी गेल्यावरही तसंच होतं. लोकांनी तिकीट काढून काय चुना बघायचा? साहेबांच्या फाइलमध्ये जास्तीचे मासे पडून होते. लाल, केशरी. दिले उजवीकडे सोडून. नदी म्हटल्यावर मासे आलेच. पूर्व आणि पश्चिम एकत्र, असं बोर्डावर नुसतं लिहिलंय, केलं मी. कुणाला सांगितलं नाही. सरप्राइज.
संकल्प उत्तम चालू. आज फक्त टीव्हीशी बोललो.

१५ मार्च, संध्याकाळ
मासे आले. टाळ्या पडल्या. चिनी बाई खुर्चीतून उठल्या आणि भिंतीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मासे त्यांच्या हातावरून जात होते. दुभाषी म्हणाली, त्या विचारतायत, माझं धुकं कुठे गेलं. त्यांचे यजमान नदीपलीकडे गेले ते आलेच नाहीत. होडी येईपर्यंत गप्प बसून राहायचं, एवढंच ते चित्र आहे. साहेब म्हणाले, हे मासे तर मी नापास केले होते.
मी खुलासा करायला पुढे झालो. मॅनेजरने दंड धरून बाहेर काढलं.
ही आलीच नाही. दाराकडे बघून बघून मान दुखली. फार वाईट वाटलं.

१६ मार्च
मासे काढले. मलाही. आता दारावर तिकिटं फाडतो. बढती म्हणता येणार नाही, पण लोकसंपर्क वाढतो.

२२ मार्च
ही आली! पास असून तिकीट काढून आली. मी ते फाडलं आणि दार सोडून मागोमाग आत गेलो. ती उजव्या भिंतीसमोर बाकावर बसली. मी शेजारी. तिने बाजूला सरकून जागा दिली. धुकं आलं, भिंत कोरी झाली. हॉलमध्ये कुणी हलेना. मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. काही बोलायला तिने तोंड उघडलं, आणि माझ्या छातीत पुन्हा ते धडधडणं सुरू झालं.
मी पटकन सांगून टाकलं, की हा फॉल्ट नाही बरं का, हे मुद्दाम आहे. मग प्रोजेक्टर किती, लेन्स कुठली, केबल मी कशी बदलली, सगळं व्यवस्थित सांगितलं. होडी आली तेव्हा बाकावर मी एकटाच होतो.
माहिती आवडली असावी. मध्ये एकदाही बोलली नाही.
ती काय सांगणार होती, ते विचारायला मघाशी मेहुण्याला फोन केला. बाथरूममध्ये आहे म्हणाला.