झऱ्यावरचा काळा ठिपका

इद्दरदादा,

भूकंपात आपलं गाव एकच ढिगारा झालं. घर कुठे होतं, मलाही कळेना. मदतीला आलेल्या सैनिकांच्या अधिकाऱ्याने फ्रेंचांच्या काळातला खोऱ्याचा नकाशा पसरला.

"नव्या नकाशात तुमचं गावच नाही, ताई. यात घरंसुद्धा आहेत."

झरा तेवढा जागेवर होता. नकाशात त्याच्या वरचा काळा ठिपका, म्हणजे आपलं घर, मी दाखवला. तिथेच खणल्यावर आईचा देह मिळाला. हातांना पीठ लागलेलं होतं. मी रडले नाही. सैनिकांना पुदिन्याचा चहा केला, साखर विचारून घातली.

हे पत्र टपालात टाकवत नाही. काल मार्सेहून तुझा फोन आला, तेव्हाही सांगवलं नाही.

"आई बरी आहे ना?"

"झोपलीय."

"उठली की सांग, ईदला येतोय."

"सांगते."

तुझी,
तिझिरी