यादीतली चौदावी

३ फेब्रुवारी

ओळखपत्र मिळालं! गळ्यात घालून घरी आले, मुद्दाम भर बाजारातून. फोटोत मी घाबरलेली दिसतेय, पण खाली 'सर्वेक्षक' असं छापलंय. राज्याच्या निवडणुकीत लोक कोणाला मत देणार, ते घरोघरी जाऊन विचारायचं. आई म्हणाली, म्हणजे पगार घेऊन चौकशा! बाबा किल्ल्या बनवतात. त्यांनी संध्याकाळपर्यंत एकूण एक गिऱ्हाइकाला सांगितलं — आमची पोरगी ग्रॅज्युएट, अख्ख्या राज्याचं मन ओळखणार. अख्ख्या राज्याचं नाही हो बाबा, पंचवीस माणसांचं.

४ फेब्रुवारी

साहेबांनी नियम सांगितला. मतदारयादीतून पंचवीस नावं काढलेली असतात. ज्याचं नाव, त्यालाच विचारायचं. भेटला नाही तर तीनदा जायचं, पण बदली माणूस चालणार नाही. एकही फॉर्म खोटा निघाला नाही, तर निवडणुकीनंतर ऑफिसात कायमची नोकरी.

मला हा नियम फार आवडला. एकाचं मत दुसऱ्यानं सांगायचं नाही — केवढी मोठी गोष्ट आहे ही!

६ फेब्रुवारी

नऊ फॉर्म झाले. पायांचे तुकडे पडलेत. माझ्याबरोबर लागलेल्या पोराचे बावीस! सगळे त्याला 'सुपरफास्ट' म्हणतात. हॉटेलात बसून भरतो. तिथल्या वेटरलाच तीन वेगवेगळ्या नावांनी विचारलं म्हणे. मला म्हणाला, "ताई, तू सर्वे करतेस की सोयरीक जमवतेस?" हसू आलं. पण माझे नऊच्या नऊ खरे आहेत.

८ फेब्रुवारी

यादीतली चौदावी — एक बाई, वय छत्तीस. दारावर पक्षाचं चिन्ह. नवरा त्या पक्षाचा गल्लीतला पुढारी. उंबऱ्यातूनच म्हणाला, तिचं-माझं एकच, टाका लिहून. मी म्हटलं, यादीत त्यांचं नाव आहे. "मग आमचं नाव काय वाईट आहे?"

आत बाई भांडी घासत होत्या. त्यांच्या नावाचा विषय निघाला तसा घासण्याचा आवाज थांबला.

९ फेब्रुवारी

परत गेले, परत तोच दारात. फॉर्मवर घरचा फोन नंबर लागतो, तो तेवढा दिला — स्वतःचा. काही लागलं तर मलाच विचारायचं, म्हणाला.

११ फेब्रुवारी

झालं! तिसऱ्या खेपेला बाई गच्चीवर कपडे वाळत घालताना सापडल्या. दोन चादरींच्या मधे उभं राहून सगळे प्रश्न विचारले. मत कोणाला, यावर हातातला चिमटा तसाच धरून म्हणाल्या, "यांना कळेल का गं?"

नाही कळणार, म्हटलं. माझा शब्द.

मग त्यांनी सांगितलं. कोणाला, ते इथेही लिहीत नाही. तिचं-त्याचं एक नाही, एवढंच.

मी जिना उतरायला लागले तर मागून म्हणाल्या, "आणि वय नीट लिही. यादीत एक वर्ष जास्त धरलंय माझं."

१४ फेब्रुवारी

पंचवीस!!

१७ फेब्रुवारी

फोनवरून पडताळणी चालू आहे. सुपरफास्टचे अकरा फॉर्म खोटे निघाले, घरी बसवला त्याला. माझे चोवीस खरे. चौदावा अडकला. फोन नवऱ्यानं उचलला. म्हणाला, माझ्या बायकोला कोणी काही विचारलेलं नाही, त्या पोरीला मी दोनदा परत पाठवलंय.

साहेबांनी मला धीरच दिला. "घाबरतेस कशाला? उद्या माणूस पाठवतो. नवऱ्यासमोर बाईंना विचारेल, ही मुलगी भेटली होती का. त्या हो म्हणाल्या की तुझी नोकरी पक्की."

त्या हो म्हणाल्या की आमचा माणूस सही घेऊन निघून येईल. मग घरात पुढचा प्रश्न कोण विचारेल, काय विचारेल, ते मला कळतं.



१८ फेब्रुवारी

साहेबांच्या आधी ऑफिसात पोचले. ते खुर्चीत बसायच्या आत सांगितलं, "माणूस पाठवू नका. तो फॉर्म मी घरी बसून भरला होता."

त्यांनी खण उघडला. मग कबुलीचा कागद पुढे सरकवला. सही केली. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं.