नळीचं दुसरं टोक

८ मे

प्रिय भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. तुम्ही आमचा फोन उचलत नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र तरी कट करता येत नाही. जाऊबाई कशा आहेत? धाकटीला दात आले का? इथे ऊन मी म्हणतंय. शेळी व्याली, दोन्ही करडं ठणठणीत आहेत.

आधी तुमचा राग ओढवून घेते. आपल्या शेतांमधला वाटणीचा बांध मोडला. तुमच्या दादांनीच मोडला, तुम्हाला न विचारता. वाटणीच्या वेळी दोघे इतके हट्टाला पेटला होतात की दोरी ताणून सरळ उतारावरून खाली बांध घातलात. पाण्याला आयती वाट मिळाली. बांधालगत ओघळ पडला, आता कमरेइतका खोल आहे. तुमची माती गेली, आमचीही गेली. तेवढी एकच वाटणी सारखी झाली.

म्हणून यंदा ह्यांनी माळ्यावरची, पातळी बघायची ती पारदर्शक पाण्याची नळी काढली. उताराला आडवे बांध घालायचे, दोन्ही शेतांतून सलग. एक टोक ह्यांच्या काठीला, दुसरं माझ्या. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेला आलं की तिथे चुन्याची फक्की टाकायची. माझा हात हलायचा आणि हे करवादायचे, धाकटा असता तर एव्हाना अर्धं रान आखून झालं असतं. एकदा मी चिडून म्हटलं, मग बोलवा ना भाऊजींना. तर म्हणाले, "बांध पुरे होऊ देत. रिकाम्या हाताने कसा बोलवू?"

वरचे तीन पुरे झाले. चौथा आमच्या बाजूने ओघळापर्यंत आलाय. तुमच्या बाजूला नुसती फक्की आहे, तीही वाऱ्याने पुसत चालली आहे. असंच राहिलं तर पावसाळ्यात अडलेलं सगळं पाणी त्या उघड्या टोकातून सुटेल आणि खालची उरलीसुरली माती घेऊन जाईल.

भाऊजी, पुढचं लिहवत नाही. गेल्या महिन्यात दगड रचता रचता हे खाली बसले. मी पाणी घेऊन येईपर्यंत गेले होते. त्या दिवशी मी तुम्हाला सारखे फोन केले, ते भांडायला नव्हते. संध्याकाळपर्यंत तुमची वाट पाहिली. मग लोकांनी थांबू दिलं नाही.

मी तुमच्यावर रागावले होते. अजूनही आहे. पण ते टोक दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला मन घेत नाही.

या. नळी भरून दाराशी ठेवली आहे. तुमचा हात हलला तरी मी करवादणार नाही.

एक टोक धरून उभी असलेली,
तुमची वहिनी